उद्यान आणि प्रमदवन : लंडन शहराच्या बागांच्या तीन कारभारणी

प्रयागच्या किल्ल्यांत अशोकाचा जो स्तंभ उभा आहे, त्यावर सुप्रसिद्ध सहा स्तंभलेखांखेरीज एक लहानसा लेख आहे. विद्वान लोक त्यास ‘राणीचा लेख’ म्हणतात. समुद्रगुप्ताची हरिषेणकृत प्रशस्ति व जहांगिराची वंशावळ हीं दोनहि त्याच दगडावर असल्यामुळें अभ्यासकांचें लक्ष तिकडे अधिक जातें आणि राणीचा लेख मागें पडतो. लेखाचा आशय एवढाच कीं, सर्व ठिकाणच्या महामात्रांस देवानांप्रियाच्या आज्ञेनें कळवावें : दुसऱ्या राणीनें जें कांहीं दान दिलें असेल, मग ती आमराई असो, आराम असो, दानगृह असो वा आणखी कांहीं असो, तें त्याच राणीचें म्हणून गणलें जावें, ही राणी म्हणजे तीवराची माता कारुवाकी. ‘आलम’ या प्राकृत शब्दाचें संस्कृत रूप ‘आराम’. त्याचा अर्थ कोणी बाग करितात, कोणी विहार. आमराईचा शब्द शेजारींच असल्यानें आम्हांस बाग हा अर्थ सरळ वाटतो. परंतु त्याविषयीं आमचा आग्रह नाहीं. आमचें लक्ष वेधलें तें निराळ्या गोष्टीनें. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकांत एका सम्राटास दगडावर हुकूम कोरवावा लागला कीं, बाग जिनें दिली तिच्याच नांवावर ती लिहावी. असा हुकूम जेव्हां काढावा लागतो, तेव्हां तो न काढल्यास काय होत असे, हें जुनीं दफ्तरें हाताळणाऱ्या वाचकांस सांगावयास नको.

आतां अमरकोशाकडे वळूं. वनौषधिवर्गाच्या आरंभीं अमरसिंहानें बागांच्या जाति सांगितल्या आहेत. अमात्याच्या किंवा गणिकेच्या घराजवळची बाग ती वृक्षवाटिका. राजाची, पण इतरांसहि साधारण अशी बाग ती आक्रीड किंवा उद्यान. तीच अंतःपुराच्या उपयोगाची असली म्हणजे तिला प्रमदवन म्हणावें. झाडें तींच, पाणी तेंच, माळीहि बहुधा तोच. आंत कोणी यावें एवढ्यावरून नांव बदलतें. वात्स्यायनानें तर घरची बाग सर्वस्वीं गृहिणीच्या स्वाधीन केली आहे. भाज्यांचे वाफे, उसाचीं बेटें, जिरें, मोहरी, मल्लिका, जाई, जास्वंद, वाळा हें सर्व तिनें लावावें, बसावयास सुंदर ओटे करावे, इतकेंच नव्हे तर बागेच्या मध्यभागीं विहीर किंवा वापी खणविणें हेंहि तिचेंच काम. परंतु त्याच ग्रंथांत नागरक सकाळीं घोड्यावर बसून नगराबाहेरील उद्यानांत क्रीडेस जातो, तेव्हां सोबतीस गणिका असतात, गृहिणी नसते. ज्या हातांनीं बाग करावयाची त्यांना मोकळ्या उद्यानाची वाट बंद, अशी ही जुनी व्यवस्था होती. वैशालीच्या आम्रपालीनें आपली आमराई बुद्धास दिली, ही कथा पालि ग्रंथांतून सर्वांस ठाऊक आहे. तिच्या हातीं दान करण्यासारखी बाग होती याचें कारणहि या व्यवस्थेंतच शोधावें लागेल.

प्रमदवनाचें उद्यान कसें होतें याचें आपल्याकडील एक ठळक उदाहरण दिल्लीस आहे. शाहजहानाची कन्या जहाँआरा बेगम हिनें इ. स. १६५० च्या सुमारास चांदणी चौक वसविला, त्याच्या उत्तरेस एक मोठी बाग केली व तिला लागून एक सराई बांधविली. बर्निये या फ्रेंच प्रवाशास ती सराई इतकी आवडली कीं, अशा वीसेक इमारती पॅरिसमध्यें असत्या तर बरें, असें तो लिहून गेला. बाग ‘बेगमेची बाग’ या नांवानें चालली. इ. स. १८५७ च्या धामधुमीनंतर इंग्रजांनीं सराई पाडून तेथें नगरगृह उठविलें. बागेचा जो भाग राहिला तो सर्वांस खुला झाला, पण त्यास नांव मिळालें इंग्लंडच्या राणीचें. बाग लोकांची झाली त्याच वेळीं तिच्या कर्त्रीचें नांव तिच्यावरून उतरलें. मुंबईच्या भायखळ्यांतील ‘राणीच्या बागे’ची गोष्टहि थोडीफार अशीच. ता. १९ नोव्हेंबर १८६२ रोजीं गव्हर्नरच्या पत्नी लेडी फ्रियर यांनीं ती उघडली, आणि जिनें हिंदुस्थानांत कधीं पाऊल ठेवलें नाहीं त्या राणीचें नांव तीस मिळालें. हल्लीं तिला जिजामातेचें नांव आहे. तें योग्यच, पण त्यानें बाग कोणीं उभारली या प्रश्नाचें उत्तर मिळत नाहीं. बागेच्या फाटकावर स्त्रीचें नांव असणें आणि बागेच्या कारभारांत स्त्रीचा हात असणें, या दोन गोष्टी इतिहासकारानें वेगळ्या ठेविल्या पाहिजेत.

दुसऱ्या गोष्टीचा, म्हणजे कारभाराचा, लेखी पुरावा जेथें भरपूर मिळतो असें ठिकाण म्हणजे लंडन शहर. तेथील एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतील तीन स्त्रियांचें कार्य वाचकांपुढें ठेवावें, हा या लेखाचा हेतु आहे. परदेशच्या बागांशीं आपणांस काय करावयाचें, असें कोणी म्हणेल. त्यास आमचें उत्तर पुढें आपोआप येईल.

इ. स. १८५१ च्या खानेसुमारींत लंडनची वस्ती सुमारें २३ लक्ष होती, ती १९०१ त ४५ लक्षांवर गेली. घरांवर घरें चढलीं. गांवाभोंवतालचीं गायरानें, ज्यांवर रयतेची गुरें चरण्याचा वहिवाटीचा हक्क होता, तीं जमीनमालकांनीं कुंपणें घालून गिळण्याचा सपाटा लाविला. त्यास आळा घालण्यासाठीं १८६५ सालीं एक मंडळी स्थापन झाली. तिच्या आरंभींच्या पुढाऱ्यांत हेन्री फॉसेट हे होते. हें नांव आपल्या आजोबांच्या पिढीस घरच्यासारखें होतें. शिकारींत बापाच्याच बंदुकीचे छरे लागून पंचविशींत अंध झालेले हे गृहस्थ केंब्रिजला अर्थशास्त्राचे अध्यापक होते, व पार्लमेंटांत हिंदुस्थानच्या जमाखर्चाची अशी कसून झडती घेत कीं, त्यांस ‘हिंदुस्थानचे सभासद’ म्हणत. तुर्कस्तानच्या सुलतानास १८६७ त लंडनमध्यें दिलेल्या नाचाच्या मेजवानीचा खर्च हिंदी रयतेच्या माथीं मारल्याबद्दल त्यांनीं सरकारास धारेवर धरिलें होतें. पुढें निवडणुकींत त्यांचा पराभव झाला, तेव्हां त्यांच्या साहाय्यार्थ हिंदुस्थानांतून वर्गणी गेली होती. आमच्या रयतेचा पैसा आणि त्यांच्या रयतेचें गायरान या दोहोंविषयीं एकच माणूस एकाच न्यायानें भांडत होता, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

तिघींपैकीं पहिल्या ऑक्टेव्हिया हिल. जन्म १८३८, विस्बीच गांवीं. आरोग्यसुधारक डॉक्टर साउथवुड स्मिथ हे त्यांचे मातामह. वडिलांचें दिवाळें निघाल्यामुळें मुलींना लवकरच पोटासाठीं कामास लागावें लागलें. १८६५ सालीं रस्किन यांनीं मॅरिलबोन भागांतील एका गल्लींत तीन पडकीं घरें विकत घेऊन हिलबाईंच्या हवालीं केलीं. बाईंनीं तीं दुरुस्त करविलीं, गरीब बिऱ्हाडकरूंकडून दर आठवड्यास स्वतः जाऊन भाडें वसूल केलें, आणि मालकास ठरलेलें व्याज देऊन जें उरे तें त्याच घरांच्या डागडुजीस लाविलें. या कामांतच त्यांना दिसून आलें कीं, एका खोलींत सहा माणसें राहणाऱ्या कुटुंबास चार भिंतींबाहेर बसावयास जागा नाहीं. त्यांनीं घरांमागचें एक आवार साफ करवून मुलांना खेळावयास मोकळें केलें. लहान जागेचें मोल त्यांना त्या आवारानें शिकविलें असावें.

लोकांना चार तऱ्हेच्या जागा लागतात, असें त्यांचें म्हणणें होतें : बसावयास, खेळावयास, फिरावयास, आणि एखादा पूर्ण दिवस घालवावयास. यांतील शेवटची जागा गांवाबाहेर असली तरी चालेल; पहिली मात्र घरापासून हांकेच्या अंतरावर हवी, कारण दिवसभर राबलेली बाई कडेवर मूल घेऊन मैलभर चालत जाऊं शकत नाहीं. बागेस त्या गरिबांची उघड्यावरची बैठकीची खोली म्हणत. हा विचार आज साधा वाटेल. पण तोंवर उद्यान म्हणजे राजानें शिकारीच्या रानाचा तुकडा प्रजेस दाखविणें, अशीच कल्पना होती, आणि अमराची व्याख्या तिला तंतोतंत लागू पडती.

१८७५ सालीं स्विस कॉटेज नांवाच्या भागांतील मोकळीं शेतें बांधकामासाठीं विकलीं जाणार असें कळलें. हिलबाईंनीं तीं विकत घेण्यास दहा हजार पौंडांचा फंड उघडला, थोड्याच आठवड्यांत बहुतेक रक्कम उभी केली, आणि मग मालकांनीं विक्रीची बोलणी मोडली. शेतांवर घरें उठलीं. या अपयशाची नोंद चरित्रकार एका ओळींत उरकतात. आमच्या मतें पुढच्या सर्व कामाचें मूळ येथेंच आहे. पैसा जमूनहि जमीन मिळत नाहीं, कारण कायदा मालकाच्या बाजूस आहे, हें कळल्यावर बाईंनीं वकिलांची सोबत धरिली. रॉबर्ट हंटर हे कायदेपंडित त्यांच्या बहीण मिरांडा यांनीं स्थापिलेल्या कर्ल सोसायटीच्या कामांत त्यांच्या बरोबर आले. पार्लमेंट हिलची टेकडी व तिच्या भोंवतींचीं शेतें १८८९ त लोकांस मिळालीं, हिली फील्ड्स १८९६ त. हंटर, रॉन्सली व हिलबाई या तिघांनीं १८९५ च्या जानेवारींत नॅशनल ट्रस्ट ही संस्था नोंदविली. तिला मिळालेली पहिली जमीन वेल्समधील दिनास ओलाय हा समुद्रकांठचा डोंगरउतार. ती देणाऱ्या फॅनी टॅलबट याहि एक स्त्रीच होत्या.

सदर्क भागांतील रेड क्रॉस बाग हें हिलबाईंचें लहान पण आमच्या मतें सर्वांत बोलकें काम. जळालेल्या कागदाच्या कारखान्याची ती जागा. तेथील अर्धवट जळक्या कागदाचे ढीग काढून जाळण्यांतच कित्येक आठवडे गेले. १८८७ सालीं तेथें हिरवळ, तळें, कारंजें, मुलांस पावसांत खेळण्यासाठीं छप्पर, शेजारीं सहा लहान घरें व एक सभागृह असें झालें. सभागृहाच्या भिंतीवर वॉल्टर क्रेन या चित्रकाराकडून सामान्य माणसांचीं शौर्याचीं चित्रें करविण्याची योजना होती; त्यांतील पहिलें चित्र ॲलिस एअर्स हिचें. ही तरुण मुलगी त्याच भागांत, बहिणीच्या घरीं मुलें सांभाळीत असे. १८८५ त तेलाच्या दुकानास लागलेल्या आगींतून तीन मुलींना खिडकींतून खालीं सोडून ती स्वतः मेली. वीरगळ आपल्याकडे गांवोगांव आहेत. पण मुलें सांभाळणाऱ्या पोरीचा वीरगळ बागेंत उभारावा, ही दृष्टि विरळा.

दुसऱ्या फॅनी विल्किन्सन. जन्म १८५५. क्रिस्टल पॅलेस येथील उद्यानरचनेच्या शाळेंत पुरुषच शिकत. तेथें त्यांनीं प्रवेश मिळविला व अभ्यासक्रम पुरा केला. १८८२ सालीं स्थापन झालेल्या राजधानींतील सार्वजनिक बागांच्या मंडळीनें त्यांस बागांचे आराखडे करण्याच्या कामावर घेतलें, आणि पुढील वीस वर्षांत लंडनमधील ७५ हून अधिक लहानमोठ्या बागा त्यांच्या हातून झाल्या. रेड क्रॉस बागेचा आराखडाहि त्यांचाच. १८९० सालीं स्त्रियांच्या एका साप्ताहिकास मुलाखत देतांना त्यांनीं स्पष्ट सांगितलें कीं, पुष्कळ स्त्रिया करितात तसें कमी मोबदल्यावर काम आपण करीत नाहीं. परोपकाराच्या क्षेत्रांत स्त्रीनें असें बोलणें त्या काळीं कित्येकांस रुचलें नसेल. आम्हांस तें फार मोलाचें वाटतें. दानपत्रांत नांव येणें वेगळें आणि कारागीर म्हणून मजुरीच्या यादींत नांव येणें वेगळें; दुसरें अधिक टिकाऊ असतें. १९०२ मध्यें त्या स्वॉनली येथील उद्यानविद्येच्या महाविद्यालयाच्या प्रमुख झाल्या. मृत्यु १९५१.

व्हॉक्सहॉल बाग ही या दोघींची, आणि आमच्या फॉसेट यांच्या घराची, गांठ. फॉसेट १८८४ त वारले. त्यांचें घर ज्या आवारांत होतें त्या सुमारें आठ एकरांवर चाळी उठणार, असें दिसतांच त्यांच्या पत्नी मिलिसंट फॉसेट व हिलबाई यांनीं ती जागा सार्वजनिक बागेसाठीं मिळविण्याची खटपट केली. आराखडा विल्किन्सनबाईंनीं केला. १८९० त युवराजांच्या हस्तें बाग उघडली, व पुढें तेथें फॉसेट यांचा मातीच्या भाजकामाचा भव्य पुतळा उभारला गेला. तो पुतळा विसाव्या शतकांत पाडण्यांत आला, बाग आहे. मिलिसंटबाई पुढें स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीच्या अग्रणी झाल्या, आणि हिलबाईंनीं १९१० सालीं त्याच मताधिकारास जाहीर विरोध केला. एका बागेसाठीं खांद्यास खांदा लावणाऱ्या दोन स्त्रिया मताच्या प्रश्नावर समोरासमोर उभ्या राहिल्या. हिलबाईंचें चुकलें, असें आम्हांस वाटतें, आणि तसें वाटण्याचें कारण पुढील हकीकतींत आहे.

१८८९ च्या जानेवारींत लंडनच्या नव्या कौंटी कौन्सिलची पहिली निवडणूक झाली. शहरांतील मोठ्या बागा याच कौन्सिलच्या ताब्यांत आल्या. लेडी सँडहर्स्ट व जेन कॉब्डेन या दोन स्त्रिया निवडून आल्या, आणि एमा कॉन्स यांस कौन्सिलनें आल्डरमन नेमिलें. एमा कॉन्स या हिलबाईंच्या बालपणापासूनच्या मैत्रीण. गरीब वस्तींतील एका दारूबाज नाटकगृहाचें त्यांनीं १८८० त बिनदारूचें करमणूकगृह केलें होतें. लेडी सँडहर्स्ट यांच्याकडून पराभूत झालेला उमेदवार कोर्टांत गेला. स्त्री मत देऊं शकते, पण सभासद होऊं शकत नाहीं, असा निकाल होऊन त्यांची जागा त्यालाच मिळाली. पुढें कॉब्डेनबाईंनीं कौन्सिलांत मत दिल्याबद्दल त्यांच्यावर दंडाचे दावे झाले. हा प्रतिबंध १९०७ च्या कायद्यानें उठला. म्हणजे अठरा वर्षें अशी स्थिति होती कीं, बागेसाठीं पैसा एका स्त्रीनें जमवावा, आराखडा दुसरीनें काढावा, आणि त्या बागेच्या कारभाराचा ठराव जेथें मंजूर होई तेथें स्त्रीनें हात वर केला तर तिला दंड व्हावा.

तिसरें नांव राखून ठेविलें होतें, कारण या त्रैमासिकाच्या वाचकांचें तें खरें सगोत्र आहे. इझाबेला होम्स या वरील बागांच्या मंडळीच्या चिटणिसांच्या पत्नी. लंडनमधील दाट वस्तींत मोकळ्या जागा उरल्या होत्या त्या बहुतेक जुन्या दफनभूमि. १८५२ च्या कायद्यानें शहरांतील दफन बंद होत गेलें, व तीं आवारें ओस पडलीं. १८८१ च्या कायद्यानें तीं बागांसाठीं घेण्याची सोय झाली, आणि १८८४ च्या कायद्यानें बंद पडलेल्या दफनभूमीवर इमारत बांधण्यास मनाई केली. कायदा उत्तम, पण जागा दफनभूमि होती हें ठाऊकच नसेल तर मनाई कोणास करावयाची? कित्येक आवारांवर गाड्यांचे तबेले, लांकडांच्या वखारी, कारखान्यांचीं अंगणें झालीं होतीं, आणि मालकांना त्या जागेचा पूर्वेतिहास आठवण्याचें मुळींच कारण नव्हतें.

होम्सबाईंनीं जॉन रोक यानें अठराव्या शतकाच्या मध्यास केलेला लंडनचा मोठा नकाशा घेतला. त्यावर दाखविलेली एकूणएक दफनभूमि त्यांनीं हल्लींच्या मोजणीच्या नकाशाशीं ताडून पाहिली, आणि जी सांपडेना तिच्या शोधार्थ स्वतः त्या गल्लींत गेल्या. कोठें फाटक ठोठावून, कोठें शेजारच्या घराच्या मागील खिडकींतून डोकावून त्यांनीं जागा ओळखल्या. पुढें कौंटी कौन्सिलनें त्यांच्याकडूनच सर्व दफनभूमींची अधिकृत यादी करविली, आणि १८९६ सालीं त्यांचा लंडनच्या दफनभूमींवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. यादींत ३५० हून अधिक जागा आहेत. त्यांपैकीं नव्वदीच्या आसपास जागा तोंवर बागा व क्रीडांगणें झाल्या होत्या. ज्या कौन्सिलांत स्त्रीस बसतां येत नव्हतें, त्या कौन्सिलचा हा आधारग्रंथ.

आपल्या महजरांचें काम याहून निराळें काय होतें? जागा कोणाची, वहिवाट कोणती, साक्षीदार कोण, हें लिहून ठेविलें म्हणजे पुढें कोणी दांडगाई केली तरी कागद उत्तर देतो. फरक एवढा कीं, आमच्यांतील कित्येक संग्राहक कागद मिळाला कीं तो रुमालांत बांधून कपाटांत ठेवितात व त्याची नक्कलहि कोणास देत नाहींत. होम्सबाईंनीं कागद हातीं घेऊन भिंतीपलीकडे पाहिलें. पुराणवस्तुसंशोधन हा रिकामटेकड्यांचा छंद आहे असें म्हणणाऱ्यांस पूर्व लंडनमधील एखाद्या चर्चच्या आवारांत संध्याकाळीं खेळणारीं मुलें दाखवावीं. भोंवतीं भिंतीस टेकून ठेविलेलीं थडग्यांचीं दगडें आहेत, मधें हिरवळ आहे, आणि ती हिरवळ तेथें आहे याचें एक कारण जुना नकाशा हें आहे.

हिलबाई ता. १३ ऑगस्ट १९१२ रोजीं वारल्या. वेस्टमिन्स्टर ॲबेंत त्यांचें दफन व्हावें अशी सूचना आली होती; पण त्यांच्या इच्छेस अनुसरून क्रॉकम हिल या खेड्यांत बहिणीशेजारीं त्यांस पुरलें. मिलिसंट फॉसेट यांचा पुतळा २०१८ सालीं पार्लमेंटसमोरील चौकांत उभा राहिला; तो चौकांतील पहिलाच स्त्रीचा पुतळा. तो अर्थातच मताधिकारासाठीं. विल्किन्सन आणि होम्स यांचीं नांवें बागेंत बसणाऱ्यांपैकीं फार थोड्यांस ठाऊक असतील.

आपल्याकडील पेशवाई व संस्थानी दफ्तरांत बागांचे उल्लेख विपुल आहेत : माळ्यांच्या नेमणुका, पाटाच्या पाण्याचे तंटे, आंब्यांच्या डाल्यांच्या पावत्या. त्यांत बाग कोणाच्या नांवें आहे आणि तिची व्यवस्था प्रत्यक्ष कोण पाही, हीं दोन कलमें निरनिराळीं टिपून ठेवण्याची विनंति आम्ही संग्राहकांस करितों. बाई, आईसाहेब, मातुःश्री अशा उल्लेखांखालीं मोघम राहिलेली व्यक्ति कोण, हें शेजारच्या कागदांवरून पुष्कळदां ठरवितां येतें. अशा कागदांच्या नकला कोणीं धाडल्यास त्या पुढील अंकीं छापण्याची व्यवस्था करितां येईल.